पार्किंगच्या निविदेतले ९७ टक्के

रहिवाशांना पार्किंगचे परवाने देणारी आणि बिनपरवाना गाड्यांना दंड लावणारी यंत्रणा विकत घ्यायची, की निविदेत एक ओळ टाकून मोकळं होता येतं: ‘नंबरप्लेट वाचनाची अचूकता किमान ९७ टक्के.’ ओळ दणकट वाटते. पण ९७ टक्के कशाचे, हे लिहिलं नसेल तर तिला काही अर्थ नाही.

आपली नंबरप्लेट सहसा दहा अक्षरांची असते: एमएच १२ एबी १२३४. कंपनी सांगते ती अचूकता एकेका अक्षराची असेल, तर अख्खा नंबर बरोबर यायला दहाही अक्षरं जमावी लागतात. ०.९७ चा दहावा घात येतो ०.७४, म्हणजे चारातला एक नंबर चुकणार. अख्ख्या प्लेटची अचूकता ९७ टक्के हवी असेल, तर अक्षराची ९९.७ टक्के लागते.

ती मिळाली असं धरू. अशा यंत्रणेत काचेवर स्टिकर नसतो, नंबर हाच परवाना. ॲमस्टरडॅममध्ये छतावर कॅमेरे लावलेल्या मोटारी फिरून असेच नंबर तपासतात. वाचलेला नंबर यादीत सापडला की गाडी सुटली, नाही सापडला की दंडाच्या रांगेत. समजा एका फेरीत २,००० गाड्या वाचल्या. १,९०० परवानाधारक, १०० बिनपरवाना. तीन टक्के चुकीने ५७ परवानाधारकांचा नंबर भलताच वाचला जातो, तो यादीत सापडत नाही आणि ते सगळे रांगेत येतात. बिनपरवान्यांपैकी ९७ बरोबर, ३ चुकीच्या नंबराने. रांग १५७ गाड्यांची, त्यात ६० नोंदी चुकीच्या: ३८ टक्के. चाळणीत खडे राहावेत तशा सगळ्या चुका इथेच साठतात. शहर जास्त शिस्तीचं असेल तर गत आणखी वाईट. बिनपरवाना फक्त २० असतील, तर रांगेत निर्दोषच जास्त.

चुका होतात कशा? कॅमेरा बहुधा सुमारे ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश टाकतो. प्लेटवरची परावर्तक फिल्म तो उलट फेकते, पार्श्वभूमी पांढरी होते, काळी अक्षरं उठून दिसतात. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट, सक्तीची आहे, पण तिच्यावर चिखल बसतोच. शिवाय ४१४१ चा ‘दादा’ आणि २१४ चा ‘राम’ करणाऱ्यांपुढे कुठलंही सॉफ्टवेअर हात टेकतं. दुचाक्यांचं वेगळंच. मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटर, गाडी साइड स्टँडवर कललेली, हँडलला हँडल लावून शेजारची उभी. फिरत्या मोटारीला त्या प्लेट दिसतच नाहीत. तिथे माणूस आणि हातातलं यंत्र लागतं, आणि त्याचा खर्च निविदेत वेगळा धरावा लागतो.

थोडी दुरुस्ती सॉफ्टवेअर करू शकतं. नेहमीच्या नंबरात शेवटच्या चार जागी आकडेच असतात, म्हणून तिथे दिसलेला इंग्रजी ‘बी’ हा आठच. पण तीनचा आठ झाला तर नियम काही सांगत नाही. आधार क्रमांकासारखा पडताळणीचा अंक नंबरप्लेटला नाही, आणि १२३४ चा १२८४ झाला तर त्या नंबरची गाडीही कुठेतरी असू शकते. एका अक्षराच्या फरकाने यादीतला नंबर जुळत असेल, तर तो आधार फक्त गाडी सोडण्यासाठी वापरावा, दंड लावण्यासाठी कधीच नाही. चलान निघण्यापूर्वी माणसाने फोटो पाहून नंबर पुन्हा टाइप करावा. यंत्राचा नंबर त्याला आधी दाखवू नये. दाखवला की तो नुसता ‘ओके’ दाबत जातो.

चाचणी आपल्या रस्त्यांवर घ्यावी, कंपनीच्या व्हिडिओवर नाही. किमान १,००० गाड्या, दिवस, रात्र आणि पाऊस वेगवेगळे. इथे एक हातचलाखी चालते: ज्या प्लेट वाचताच आल्या नाहीत त्या छेदातून वगळायच्या. हजारातल्या २०० अशा गाळल्या तर उरलेल्या ८०० वर ९७ टक्के सहज दाखवता येतात. म्हणून छेदात समोरून गेलेली प्रत्येक गाडी धरायची, असं स्पष्ट लिहावं.

परवाना एका विभागापुरता असेल, तर गाडी कुठे उभी होती हेही जीपीएसवरून ठरवावं लागतं. त्याची चूक मोकळ्या जागी तीन ते पाच मीटर, उंच इमारतींत त्याहून जास्त. पार्किंगची एक जागा साधारण पाच मीटर लांब. तेव्हा रस्त्याच्या दोन बाजू दोन विभागांत पडत असतील, तर फोटोत पाटी किंवा इमारत दिसणं सक्तीचं करावं.

बिल चलानांच्या संख्येवर ठरवू नये, उलट हरकतीनंतर रद्द झालेल्या चलानांमागे कपात ठेवावी. ज्यांचा परवाना सापडला त्यांच्या नोंदी त्याच दिवशी पुसाव्यात. आणि करार संपताना परवाने, थकबाकी व फोटो साध्या फाइलींमध्ये किती दिवसांत मिळतील, ते सही होण्याआधीच लिहून घ्यावं. नाहीतर नवी कंपनी येते, पण जुन्या दंडाचे पुरावे पहिलीच्याच सर्व्हरवर अडकून राहतात.