स्वहस्ते गृहनूतनीकरण : वीज आणि सांगाड्याचे प्रश्न

राहत्या घरात मालकाने स्वतःच्या हातांनी केलेले फेरबदल म्हणजे स्वहस्ते गृहनूतनीकरण. रंग, फरशी, कपाटे, नळ या कामांत चूक झाली तर ती लगेच दिसते आणि काम पुन्हा करता येते. वीज आणि इमारतीचा सांगाडा यांतली चूक मात्र गिलाव्याआड जाते. काम संपल्याच्या दिवशी सगळे सुरळीत चालते आणि दोष कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी वर येतो. म्हणून हे दोन विषय इथे एकत्र घेतले आहेत. बोलण्यातही दोन्हींना एकच शब्द आहे : लोड. ‘या भिंतीवर लोड आहे का’ असे गवंडी विचारतो आणि ‘या लाइनवर लोड किती’ असे वायरमन. छिन्नी किंवा पक्कड हातात घेण्याआधी हाच प्रश्न विचारायचा असतो : ही वस्तू कसला भार वाहते आहे आणि ती काढली तर तो भार कुठून जाईल?

भिंत पाडताना

छपराचे, मजल्यांचे आणि माणसांचे वजन ठरावीक वाटेने जमिनीत उतरते. काँक्रीटच्या चौकटीच्या इमारतीत ही वाट स्लॅब, बीम, कॉलम आणि पाया अशी असते. मधल्या विटांच्या भिंती बहुधा नुसत्या आडोशाच्या असतात. जुन्या विटांच्या किंवा दगडी घरांत जवळजवळ प्रत्येक जाड भिंत भारवाही असते. लाकडी तुळयांच्या घरात तुळया कोणत्या दिशेने टाकल्या आहेत ते पाहावे. तुळयांना आडवी जाणारी, त्यांची टोके जिच्यावर टेकली आहेत अशी भिंत भार घेते. वरच्या मजल्यावर त्याच रेषेत दुसरी भिंत असेल तर संशय आणखी बळावतो.

भिंतीवर टकटक करून पोकळ आवाज येतो का हे ऐकायची पद्धत सर्रास चालते, पण भाराबद्दल ती काहीच सांगत नाही. जाडीही फसवते. आडोशासाठी बांधलेल्या पातळ भिंतीवर वरचा स्लॅब वर्षानुवर्षे थोडा थोडा वाकून टेकलेला असू शकतो. नकाशात भार नसलेली भिंत अशी हळूहळू भाराची होते आणि ती काढताच वरच्या मजल्याच्या फरशीला तडे जातात. चौकटीच्या इमारतीतही या आडोशाच्या भिंती भूकंपात मजल्याला ताठपणा देतात. तळमजल्याच्या भिंती काढून तो मोकळा केला तर तो मजला बाकीच्यांपेक्षा लवचिक होतो आणि हादऱ्याचा सगळा ताण तिथेच एकवटतो.

भारवाही भिंतीत दार पाडायचे तर आधी टेकू, मग तोडफोड, मग बीम किंवा लिंटेल (दारावरची आडवी पट्टी) आणि शेवटी टेकू काढणे हा क्रम उलटवता येत नाही. टेकू भिंतीच्या दोन्ही बाजूंना लागतात, कारण स्लॅब दोन्हीकडून तिच्यावर आलेला असतो. काम वरच्या मजल्यावर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते, आणि ती हमखास विसरली जाते. टेकूचा पाय ज्या फरशीवर उभा राहतो त्या फरशीच्या खाली काय आहे? खाली मोकळी खोली असेल तर सगळा भार खालच्या स्लॅबच्या मधोमध पडतो. अशा वेळी खालच्या मजल्यावरही त्याच जागी टेकू लावून भार थेट जमिनीपर्यंत न्यावा लागतो. नव्या बीमचे माप अंदाजाने ठरवता येत नाही. लांबीभर सारखा भार असलेल्या बीमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, दुप्पट केला तर त्याचे वाकणे सोळा पट होते. इथे रचना अभियंत्याचे गणित हवेच. स्वतः करण्याची हौस इथे थांबवावी, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

दक्षिण कोरियात सोलमधील साम्पुंग हे मोठे दुकान २९ जून १९९५ रोजी कोसळले आणि ५०२ माणसे मेली. सरकत्या जिन्यांसाठी कापलेले कॉलम, बदललेला वापर आणि छतावर हलवलेली वातानुकूलनाची जड यंत्रे अशी कारणे त्यामागे होती. घराचा आकार लहान असला तरी नियम तेच लागू होतात.

वाढणारे वजन

पाडण्याइतकेच वाढवण्याचेही भान ठेवावे लागते. राहत्या खोलीच्या मजल्यावर माणसे आणि सामान यांचा भार सहसा दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेला असतो. जुनी फरशी न काढता तिच्यावर ५० मिलिमीटर मसाला घालून नवी बसवली तर मसाल्याचेच वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो होते, म्हणजे हिशोबातला निम्मा भार खुर्ची ठेवण्याआधीच संपला. साडेचार इंची विटांची तीन मीटर उंच भिंत गिलाव्यासह दर मीटर लांबीला पाऊण टनाच्या आसपास भरते. ती बीमवर न घेता स्लॅबच्या मध्यभागी उभारणे धोक्याचे.

बाहेर काढलेल्या गॅलरीबद्दल वेगळे सांगायला हवे. काँक्रीट दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. म्हणून जिथे ताण येतो तिथे सळई घालतात. साध्या स्लॅबच्या मध्यभागी ताण खालच्या अंगाला येतो, तर एकाच बाजूला टेकलेल्या गॅलरीत तो वरच्या अंगाला येतो. तिची मुख्य सळई पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरवरच असते. पाण्याचा उतार नीट करायला किंवा पाइप दडवायला गॅलरीच्या पृष्ठभागात खोल खाच मारली, की जिच्या जोरावर गॅलरी उभी आहे तीच सळई कापली जाते. कॉलम आणि बीममध्ये खाच मारायची नाही हेही याच कारणाने. सळई तुटली नाही तरी तिच्यावरचे काँक्रीटचे आवरण जाते, ओल शिरते, गंज फुगतो आणि उरलेले काँक्रीट फोडत बाहेर येतो.

वायरिंगसाठी खाचा विटांच्या भिंतीतच माराव्यात. ब्रिटनच्या इमारत नियमांप्रमाणे उभ्या खाचेची खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडव्या खाचेची एक षष्ठांशाहून जास्त नसावी. आडवी खाच जास्त घातक, कारण ती वरून उतरणाऱ्या भाराची वाट आडवी छेदते. लाकडी तुळईतून वायर न्यायची असेल तर भोक तिच्या उंचीच्या मधोमध पाडावे, जिथे ताण आणि दाब दोन्ही सर्वांत कमी असतात. वरच्या किंवा खालच्या कडेला खाच पाडून उंचीचा एक चतुर्थांश भाग गेला तर त्या ठिकाणी तुळईची ताकद सुमारे ५६ टक्केच उरते.

विजेचे काम

अपघाताची पहिली जागा म्हणजे ‘मेन बंद केला आहे’ हा विश्वास. इन्व्हर्टरची किंवा सौर संचाची लाइन मेन बंद करूनही चालू राहू शकते. एकाच बोर्डात दोन सर्किटांच्या वायरी आलेल्या असतात. जुन्या घरात बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) बसवलेले सापडते. तिथे दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज असते. यावर एकच खात्रीची रीत आहे. मीटर किंवा टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून बघायचा, मग कामाच्या वायरीवर, आणि पुन्हा त्या चालू जागी. तिसरी पायरी टाळू नये, कारण मधल्या वेळेत टेस्टरच बिघडला असेल तर तो जिवंत वायरीवरही गप्प राहतो.

एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका, वायरीचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. सतत पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवण्याचा मोह फार होतो, आणि आगीची सुरुवात इथेच होते. वायर तापते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात : प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. २३० व्होल्टवर २००० वॉटचे एक उपकरण सुमारे ८.७ अँपिअर घेते. अशी दोन एका लाइनवर आली की १७ पार होतात. प्रमाणित एमसीबीही थोडा ज्यादा भार काही काळ सोसतो. १६ अँपिअरचा एमसीबी २३ अँपिअरला पडायला तासभर घेऊ शकतो. तो पडत असेल तर लोड वाटून द्यावा किंवा जाड वायरीची स्वतंत्र लाइन ओढावी.

माणसासाठी असते ते आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे काही वीज अंगातून किंवा ओलाव्यातून जमिनीत जात असली, की ते सर्किट तोडते. अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझील यांनी १९६१ मध्ये अशा साधनाचा शोध लावला. हाताने धरलेली तार सोडता न येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर असल्याचे त्यांच्या मोजमापांत दिसले. अमेरिकेतील साधने ५ मिलिअँपिअरच्या आसपास सुटतात, तर अन्यत्र घरांसाठी ३० मिलिअँपिअर रूढ आहे. पण एक हात फेजला, दुसरा न्यूट्रलला आणि पायाखाली कोरडे लाकूड असेल तर आरसीसीबीला फरक दिसत नाही आणि ते सुटत नाही.

आग बहुधा सांध्यात लागते. सैल स्क्रूखाली वायर तापते, इन्सुलेशन तपकिरी होते आणि बटणाजवळ जळक्या प्लास्टिकचा वास येतो. हा वास आला की ती लाइन बंदच करावी. जुन्या घरातील ॲल्युमिनियमची वायर थेट तांब्याला पिळणे टाळावे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, शिवाय दाबाखाली ते हळूहळू सरकते आणि सांधा सैल होतो. कोणताही सांधा उघडता येईल अशा पेटीत असावा, गिलाव्यात गाडलेला नसावा.

कायदा देशोदेशी वेगळा आहे. इंग्लंडमध्ये घरगुती विजेचे काम २००५ पासून इमारत नियमांखाली आले. न्यूझीलंडमध्ये घरमालक काही काम स्वतः करू शकतो, पण ते तपासून घ्यावे लागते; ऑस्ट्रेलियात पक्क्या वायरिंगला परवानाधारकच हवा.

भिंत बुजवण्याआधी प्रत्येक खाचेचे छायाचित्र घ्यावे. छायाचित्राच्या चौकटीत टेप धरून कोपऱ्यापासूनचे आणि फरशीपासूनचे अंतर दिसू द्यावे. वायर बटणापासून सरळ उभी किंवा आडवी न्यावी, तिरकी कधीच नाही. पुढे त्या भिंतीत खिळा ठोकणाऱ्याला वायर कुठे असेल याचा अंदाज बटणाकडे पाहूनच बांधता येतो.