ईआर, पीआर, हर-टू: गाठीला वाढवतं कोण?

सोलापुरात स्तनाच्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट हातात पडला की घरचे आधी विचारतात, "स्टेज कितवी?" प्रश्न रास्तच आहे. पण त्याच कागदावर, किंवा मागाहून येणाऱ्या दुसऱ्या कागदावर, ईआर, पीआर आणि हर-टू अशा तीन ओळी असतात. कोणतं औषध लागू पडेल ते ठरवताना डॉक्टर आधी त्या पाहतात.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारं पेशीतलं प्रथिन; पीआर हा प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा. इस्ट्रोजेन रक्तातून पेशीत शिरतं, केंद्रकातल्या रिसेप्टरला चिकटतं आणि ही जोडी डीएनएवर बसून पेशीला विभागायला लावणारी जनुकं चालू करते. मुलगी वयात येताना स्तनांची वाढ याच वाटेने होते. ईआर असलेल्या कर्करोगाच्या पेशी तीच वाट वापरतात, फक्त थांबत नाहीत. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की अंडाशय काढल्यावर पसरलेल्या गाठीही आक्रसल्या. तेव्हा इस्ट्रोजेनचा शोधसुद्धा लागला नव्हता!

पाळी गेली की इस्ट्रोजेन संपलं, असं अनेकींना वाटतं. तसं नसतं. अंगावरच्या चरबीत अरोमाटेज नावाचं विकर ते बनवत राहतं. पाळी गेलेल्या बाईला लेट्रोझोल देतात ते या विकराला रोखण्यासाठी.

हर-टूची गोष्ट वेगळी. हा वाढ-घटकांच्या (पेशीला वाढायला सांगणाऱ्या प्रथिनांच्या) रिसेप्टरांच्या कुटुंबातला, पेशीच्या पृष्ठभागावर बसलेला. त्याची भावंडं बाहेरून वाढ-घटक येऊन चिकटला की आत निरोप पाठवतात. हर-टूला स्वतःचा असा वाढ-घटक सापडलेलाच नाही, तो भावंडांशी जोडी जमवून काम करतो. साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात, पृष्ठभागावर हर-टूंची दाटी होते, ते आपसातच जोड्या जमवतात आणि कुणी न सांगता 'वाढ, वाढ' असा निरोप आत जात राहतो. यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालं. रिपोर्टात हर-टू '२+' असेल तर उत्तर अर्धवट आहे असं समजा, जनुकाच्या प्रती मोजणारी पुढची फिश तपासणी करून घ्यायलाच हवी.

या दोन वाटा एकमेकींना मिळतातही. वाढ-घटकांचा निरोप कधी कधी इस्ट्रोजेन नसतानाही ईआरला जागं करतो. हार्मोनला अडवणारी गोळी काही जणींत पुढे निष्प्रभ ठरते, त्यामागचं हे एक कारण.

तरी सगळ्यात जास्त जीव तुटतो तो गोळी मधेच सोडली जाते तेव्हा. विडी घरकुलातल्या एक मावशी म्हणाल्या, "आता कुठं काय दुखतंय? उगं कशाला गोळ्या खायच्या?" त्यांची ती गोळी, टॅमॉक्सिफेन, दुखण्यावरची नाहीच. उरल्यासुरल्या पेशींच्या रिसेप्टरवर ती जागा अडवून बसते, म्हणून निदान पाच वर्षं रोज घ्यायची. ईआर पॉझिटिव्ह (गाठीत ईआर सापडलेल्या) बायकांत पाच वर्षांच्या गोळीने स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचं प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटतं, आणि गोळी थांबल्यावरही वर्षानुवर्षं तो फायदा टिकतो. मात्र गर्भाशयात हीच गोळी इस्ट्रोजेनसारखी वागते. पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेलं, तर गोळी आपल्या मनाने न सोडता लगेच डॉक्टरांना दाखवा.