कात्रणांतून उभी राहिलेली पारख

एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेत एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचा ड्राफ्ट होतो, म्हणजेच व्यावसायिक फुटबॉल संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू पाळीपाळीने निवडून घेतात. (फुटबॉल म्हणजे अर्थातच तिथला, अंडाकृती चेंडू हातांनी फेकण्याचा.) आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकाने एक फरक ध्यानात ठेवावा, तो म्हणजे इथे बोली लागत नाही. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची. ज्याने निवडले त्याच्याशीच खेळाडूने करार करायचा. सात फेऱ्यांत अडीचशेच्या आसपास नावे पुकारली जातात. त्याआधीचे काही महिने चाहते स्वतःच्या गुणवत्ता-याद्या आणि कोणता संघ कोणाला घेईल याचे अंदाज, म्हणजे ‘मॉक ड्राफ्ट’, तयार करत बसलेले असतात. हा उद्योग दूरचित्रवाणीने लावलेले वेड आहे, असे अनेकदा म्हटले जाते. इतिहास पाहिला तर संघांनी सुरुवातीला जे केले तेच चाहते आज करतात, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका या खेळाडूसाठी झालेल्या चढाओढीत बेल यांना हार पत्करावी लागली. श्रीमंत संघच चांगले खेळाडू पळवत राहिले तर दुबळे संघ, आणि त्यांच्यामागोमाग लीगही, टिकणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद १९३५ मध्ये इतर मालकांनी मान्य केला. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात नऊ संघांचे प्रतिनिधी जमले. खोलीत फळ्यावर ९० नावे लिहिलेली होती आणि त्यांतून नऊ फेऱ्यांत ८१ निवडी झाल्या. बहुतेक संघांनी त्या खेळाडूंपैकी फारच थोड्यांना प्रत्यक्ष खेळताना पाहिले होते. माहिती यायची ती वर्तमानपत्रांतून, ओळखीच्या प्रशिक्षकांकडून आणि वर्षअखेरीस जाहीर होणाऱ्या ‘ऑल-अमेरिका’ संघांच्या, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या, याद्यांतून. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकांचा मुलगा वेलिंग्टन मारा हा त्यांतल्या त्यात तयारीचा म्हणायचा. तो गावोगावची वर्तमानपत्रे आणि मासिके मागवून नोंदी ठेवत असे. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. ईगल्सला त्याची पगाराची अपेक्षा परवडली नाही, त्यांच्याकडून त्याच्यावरचा हक्क घेतलेल्या शिकागो बेअर्सशीही त्याचे जमले नाही, आणि अखेर त्याने एका रबर कंपनीत नोकरी धरली.

पूर्णवेळ स्काउट, म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू हेरणारा माणूस, दुसऱ्या महायुद्धानंतर आला. लॉस एंजेलिस रॅम्सने एडी कोटल यांना नेमले आणि ते छोट्या, दुर्लक्षित महाविद्यालयांत जाऊ लागले. वर्तमानपत्री पारखीचा मोठा दोष इथेच होता. दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचे सामने मुख्य प्रवाहातील दैनिके छापतच नसत, त्यामुळे तिथला खेळाडू फळ्यावरही चढत नसे. तो छापला जात होता कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्रांत, विशेषतः ‘पिट्सबर्ग कुरियर’मध्ये, जिथे बिल नन हे क्रीडा-पत्रकार दरवर्षी या महाविद्यालयांचा सर्वोत्तम संघ निवडत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिट्सबर्ग स्टीलर्सने ननना स्काउट म्हणून घेतले. अलाबामा ए अँड एमच्या जॉन स्टॉलवर्थची धाव इतर स्काउटांनी ओल्या मैदानावर मोजली आणि ते निघून गेले. नन मात्र बरे नसल्याचे सांगून मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या जमिनीवर त्याला पुन्हा धावायला लावले, अशी आठवण सांगितली जाते. १९७४ च्या त्या एका ड्राफ्टमधून स्टीलर्सना स्वान, लॅम्बर्ट, स्टॉलवर्थ आणि वेबस्टर असे चार खेळाडू मिळाले, जे पुढे ‘हॉल ऑफ फेम’ या खेळाच्या सन्मान-दालनात गेले. वर्तमानपत्र वाचणे वाईट नव्हते, कोणते वाचायचे हे कळायला हवे होते.

दरम्यान संघांनी आपली यंत्रणा उभारली आणि ती कुलूपबंद केली. १९६० च्या दशकात काही संघांनी खर्च वाचवण्यासाठी एकत्रित स्काउटिंग संस्था काढल्या. डॅलस काउबॉयजने तर संगणक आणला, आणि त्यासाठी आयबीएमच्या एका उपकंपनीतले जे संख्याशास्त्रज्ञ त्यांनी गाठले ते मूळचे भारतीय, सलाम कुरेशी. कुरेशींना क्रिकेट ठाऊक होते, अमेरिकन फुटबॉल नव्हे. स्काउट मंडळी ‘चपळ’, ‘जिगरबाज’ अशी विशेषणे आपापल्या मनाप्रमाणे वापरत. त्यांचे मोजके, सर्वांना समान अर्थाचे निकष करून त्यांना गुण देण्याची पद्धत कुरेशींनी बसवली. आज एखादा चाहता खेळाडूच्या पदलालित्याला दहापैकी साडेसहा देतो, तेव्हा त्या तक्त्याच्या मुळाशी हे काम आहे.

कुलपाबाहेरच्यांनी मग स्वतःची दप्तरे सुरू केली. यांत सर्वांत विलक्षण होता जोएल बुक्सबाउम. ब्रुकलिनमधल्या एका लहानशा सदनिकेत, कागदांच्या आणि व्हिडिओ टेपांच्या ढिगाऱ्यात राहणारा, क्वचितच घराबाहेर पडणारा हा माणूस ‘प्रो फुटबॉल वीकली’साठी शेकडो महाविद्यालयीन खेळाडूंची टाचणे लिहीत असे. फोन हेच त्याचे खरे हत्यार. देशभरातले स्काउट आणि प्रशिक्षक त्याच्याशी बोलत, कारण दुसऱ्या संघांना काय वाटते हे त्यालाच ठाऊक असे. २००२ च्या अखेरीस, वयाच्या ४८ व्या वर्षी तो गेला, तेव्हा अंत्यविधीला बिल बेलिचिक उपस्थित होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेल्या संघाचा हा प्रशिक्षक होता.

बुक्सबाउम लिहू लागला त्याच सुमारास बाल्टिमोरचा मेल कायपर हा मुलगाही असेच अहवाल तयार करत होता. तिथल्या कोल्ट्स संघाच्या व्यवस्थापनातले अर्नी अकॉर्सी यांनी त्याला, हे लोकांना विकता येईल, असे सुचवले. तेवढ्यात बाजारही तयार झाला. २९ एप्रिल १९८० रोजी, मंगळवारी सकाळी, नवख्या ईएसपीएन वाहिनीने ड्राफ्ट थेट दाखवला. नावे वाचून दाखवण्याचा कार्यक्रम कोण पाहणार, अशी शंका खुद्द लीगचे आयुक्त पीट रोझेल यांना होती. १९८४ पासून कायपर त्या पडद्यावर आले. १९९४ मध्ये कोल्ट्सने (ते तोवर इंडियानापोलिसला गेले होते) क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, ट्रेंट डिल्फरला सोडून ट्रेव्ह अल्बर्ट्सला घेतले, कायपरनी त्यावर झोड उठवली, आणि संघाचे कारभारी बिल टोबिन कॅमेऱ्यासमोरच भडकले: हा मेल कायपर आहे तरी कोण? माझा शेजारी पोस्टमन आहे, त्याच्याइतकीच याची पात्रता! दुखापतींमुळे अल्बर्ट्सची कारकीर्द तीन हंगामांत आटोपली. डिल्फरने पुढे, बाल्टिमोर रेव्हन्सकडून, सुपर बोल जिंकला. तोही काही थोर खेळाडू ठरला नाही, हे कायपरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी विसरू नये.

चाहत्यांची पारख दरवेळी खरी ठरली असेही नाही. १९९९ मध्ये ईगल्सने क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅक्नॅबला निवडताच फिलाडेल्फियाहून एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने आलेल्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली, कारण त्यांना चेंडू घेऊन धावणारा रिकी विल्यम्स हवा होता. मॅक्नॅबने संघाला पुढे सुपर बोलपर्यंत नेले. पुढच्याच वर्षी टॉम ब्रेडी, जो लीगच्या इतिहासातला सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरला, १९९ व्या क्रमांकापर्यंत कुणालाच नको होता, आणि ही चूक व्यावसायिकांची होती. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी जुन्या ड्राफ्टचा हिशेब मांडला तेव्हा दिसले, की एकाच जागेवर खेळणाऱ्या लागोपाठच्या दोन निवडींपैकी आधीचा खेळाडू सरस निघण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के असते.

फरक राहिला तो साहित्याचा, आणि तोही हळूहळू कमी होत गेला. खेळाडूंची मोजमापे घेणारे ‘कम्बाइन’ हे शिबिर १९८७ पासून इंडियानापोलिसला भरते. तिथली ४० यार्डांची धाव आणि २२५ पौंडांचे वजन उचलण्याची कसोटी आता घरबसल्या दिसते. २०१२ मध्ये एनएफएलने मैदानावरचे बावीसही खेळाडू एका चौकटीत दाखवणारे, प्रशिक्षकांच्या वापरातले चित्रीकरण वर्गणीदारांना खुले केले. नेहमीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे चेंडूपासून दूर असलेला बचावपटू नेमका काय करतो हे चाहत्याला तोवर दिसतच नव्हते. वैद्यकीय तपासणीचे अहवाल आणि बंद खोलीतल्या मुलाखती मात्र अजूनही संघांपाशीच आहेत.

एप्रिल २०२० मध्ये, साथीच्या काळात, ड्राफ्ट दूरस्थ पद्धतीने घ्यावा लागला. आयुक्तांनी आपल्या घराच्या तळघरातून नावे पुकारली आणि संघांचे कारभारी आपापल्या घरून सामील झाले. बेलिचिक यांच्या घरी लावलेल्या कॅमेऱ्यात एका क्षणी जेवणाचे टेबल दिसले, त्यावर लॅपटॉप होता आणि खुर्ची रिकामी नव्हती. तिच्यावर त्यांचा कुत्रा बसला होता.