अरबी समुद्राचे तापमान आणि चक्रीवादळे

उष्ण कटिबंधातील चक्रीवादळाला लागणारी ऊर्जा समुद्राच्या उबदार पाण्यातून मिळते. पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सियसच्या वर असेल, तर पाण्याची वाफ मोठ्या प्रमाणावर हवेत जाते. उंचावर तिचे ढग होताना सुप्त उष्णता बाहेर पडते, हवा तापून वर चढते, खालचा दाब उतरतो आणि चहूबाजूंची दमट हवा केंद्राकडे ओढली जाते. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम विषुववृत्तालगत क्षीण असल्याने तेथे मात्र पाणी उबदार असूनही वादळे क्वचितच तयार होतात.

पृष्ठतापमानाइतकीच उबदार थराची जाडीही महत्त्वाची असते, आणि याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. वादळाचे वारे समुद्र घुसळून काढतात. हा थर पातळ असल्यास खालचे थंड पाणी वर येते आणि वादळाची रसद तुटते. तो ५० मीटर किंवा त्याहून खोल असल्यास वादळ बळावू शकते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे, हलके पाणी वर तरंगत राहते व ही घुसळण रोखते. अरबी समुद्र अधिक खारा असल्याने तेथे असा अडसर नसतो. शिवाय पावसाळ्यात सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यालगत खोलातले गार पाणी वर येते. पूर्वीपासून अरबी समुद्रात बंगालच्या उपसागरापेक्षा कमी वादळे निर्माण होत आली, त्यामागे हेही एक कारण आहे.

ऐन पावसाळ्यात अरबी समुद्राच्या पूर्व भागातील पाणी पुरेसे उबदार असते. तरीही खाली पश्चिमेकडून आणि उंचावर पूर्वेकडून जोराचे वारे वाहत असल्याने ढगांचा उभा मनोरा टिकत नाही. म्हणूनच येथील वादळांचे दोन हंगाम ठरून गेले आहेत : मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर.

अलीकडच्या दशकांत मात्र हा समुद्र लक्षणीय तापला आहे. २०१९ मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग विशेष उबदार असताना अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यांतील ‘क्यार’ हे २००७ च्या ‘गोनू’नंतरचे येथील पहिले महाचक्रीवादळ होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याला समांतर सरकत, बळावत गुजरातला धडकले.

हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे अशा वादळांचा पाऊसही वाढण्याचा धोका असतो. वादळ किती बळावेल याचा अंदाज बांधताना पृष्ठतापमानाच्या जोडीला पाण्याचे तापमान २६ अंशांवर उतरते त्या खोलीपर्यंत साठलेल्या उष्णतेचा हिशेबही घेतला जातो. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून तिचे नकाशे प्रसृत होतात.