ख्रिस्ती श्रद्धेनुसार व्यवसाय (ग्रामीण विदर्भ)

दुकान, आडत, गिरणी किंवा कृषी केंद्र बायबलमधील आज्ञांच्या चौकटीत चालवण्याची रीत. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. पुढे वऱ्हाडातही मंडळ्या (चर्चचे स्थानिक समुदाय) उभ्या राहिल्या. मिशनच्या शाळा-दवाखान्यांमुळे इथल्या ख्रिस्ती कुटुंबांत नोकरीची वाट आधी रुळली, धंद्याची नंतर. पाटीवरचा क्रूस आणि पाळकांनी केलेली उद्घाटनाची प्रार्थना लोकांना दिसते. श्रद्धेचा कस मात्र काट्यावर, चुकाऱ्यात (मजुरी चुकती करण्यात), उधारीत आणि जूनच्या खतटंचाईत लागतो.

काटा आणि कडता

बायबलच्या लेवीय 19:35-36 आणि नीतिसूत्रे 11:1 या वचनांत खोट्या तराजूचा निषेध आहे. ‘अनुवाद’ या बायबलमधील पुस्तकाचे वचन 25:13 पिशवीत लहान-मोठी अशी दोन वजने बाळगायलाच मनाई करते. गावात जाऊन केलेल्या खेडा खरेदीत हे दुसरे वजन कडत्याच्या, म्हणजे पोत्यामागे कापल्या जाणाऱ्या वजनाच्या, रूपाने येते. ज्यूटचा रिकामा बारदाना (पोते) साधारण 600 ग्रॅम भरतो; पोत्यामागे सरसकट 1 किलो कापला, तर 100 पोत्यांत शेतकऱ्याचा 40 किलो माल फुकट जातो. सगळेच कापतात, हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. रिकामा बारदाना शेतकऱ्यासमोर तोलावा आणि भरेल तेवढाच वजा करावा.

खरेदीआधी शिक्क्याचे 20 किलोचे वजन काट्याच्या मधोमध व चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. कोपऱ्यांवर आकडा बदलत असेल, तर काटा समपातळीत नाही किंवा लोडसेल (काट्यातला वजन मोजणारा भाग) बिघडला आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. कापूस मुठीत दाबून ‘ओला आहे’ म्हणत भाव पाडण्याऐवजी ओलावा मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा शेतकऱ्याला दाखवावा.

कृषी केंद्राचा जून

पेरणीच्या तोंडावर युरियाची 45 किलोची गोणी 266.50 रुपये या ठरलेल्या किमतीला मिळेनाशी होते. वरचा विक्रेता युरियासोबत न खपणारी औषधे दुकानदाराच्या गळ्यात मारतो आणि दुकानदार ती शेतकऱ्याच्या. याला लिंकिंग म्हणतात. ख्रिस्ती दुकानदाराने ही साखळी आपल्या काउंटरवर तोडायची असते, आणि त्यात तोटा होतो, हे आधीच धरून चालावे. एकाच ठोक विक्रेत्यावर न विसंबता एप्रिलमध्येच दोन-तीन ठिकाणी मागणी नोंदवली, की तोटा बराच आवरतो. मान्यता नसलेले ‘चोर बीटी’ कापूस बियाणे ठेवूच नये. त्याची पावती नसते, त्यामुळे उगवण झाली नाही तर शेतकऱ्याला दादही मागता येत नाही.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. दोन-तीन औषधे एकत्र करून फवारण्याचा सल्ला देऊन विक्री वाढवणे ‘खून करू नको’ या आज्ञेला धरून नाही. औषधासोबत हातमोजे व मास्क पुढे ठेवावेत, आणि फवारणाऱ्या मजुराचीही चौकशी करावी.

चुकारा आणि उधारी

अनुवाद 24:15 नुसार मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची. विदर्भात चुकारा सहसा आठवडी बाजाराच्या दिवशी होतो. तो सकाळीच करावा. संध्याकाळी हाती पैसे येईपर्यंत बाजार उठतो आणि मजुराच्या घरचे तेल-मीठ पुन्हा उधारीवर जाते.

गरिबाकडून व्याज घेऊ नये, असे निर्गम 22:25 सांगते. सवाई-दीडीने (परत घेताना सव्वापट किंवा दीडपट घेण्याच्या बोलीवर) धान्य देणे यात उघडच बसत नाही. रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा ठेवणे हेही लपवलेले व्याजच. उधारीला मर्यादा असावी आणि नोंद दोन वह्यांत व्हावी, एक गिऱ्हाइकाकडे. अनुवाद 24:6 जाते गहाण घ्यायला मनाई करते. त्याच न्यायाने शिलाई मशीन किंवा बैलजोडी अडकवून ठेवू नये. सर्वांत अवघड वसुली मंडळीतल्याच भावाबहिणींची. तिला मत्तय 18:15-17 चा क्रम लागू पडतो: आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदारांसह, शेवटी मंडळीपुढे. पहिली पायरी गाळून उपासनेनंतर चारचौघांत विषय काढला, की पैसेही जातात आणि माणूसही.

दशांश

दशांश, म्हणजे देवासाठी द्यायचा दहावा हिस्सा, विक्रीवर काढायचा नसतो. महिन्याची विक्री 2,00,000, मालाची खरेदी 1,70,000, भाडे-वीज-मजुरी 14,000 असेल, तर नफा 16,000 आणि दशांश 1,600 रुपये. विक्रीवर काढल्यास 20,000 होतात. म्हणजे सगळा नफा देऊन वर भांडवलातले 4,000 जातात. गल्ल्यातूनच घरखर्च उचलणाऱ्याला नफा कळतच नाही, म्हणून घर आणि दुकान यांचे हिशेब आधी वेगळे करावेत.

रविवार

गावचा बाजारच रविवारी भरत असेल, तर काही जण दिवसभर बंद ठेवतात, काही उपासनेनंतर उघडतात. दोन्ही रीती मंडळ्यांत चालतात. मात्र मालकाने उपासनेला जायचे आणि नोकराला गल्ल्यावर बसवायचे, हे दहा आज्ञांतल्या चौथ्या आज्ञेत बसत नाही. तिच्यात दास-दासींची आणि बैलाचीही विश्रांती सांगितली आहे. नोकर दुसऱ्या धर्माचा असला तरी त्याला सुट्टी मिळावी, आणि दुकानातल्या प्रार्थनेला थांबण्याची सक्ती नसावी.