फॉरमॅट मारण्यापूर्वी

आमच्या आत्याने स्कॅनर विकत घेतला, पण त्याचे सॉफ्टवेअर काही केल्या तिच्या संगणकावर बसेना. हिरवी पट्टी बरीचशी भरत जायची, क्षणभर थबकायची आणि मग उलटी ओसरू लागायची. शेवटी एक चौकट उमटायची : त्रुटी १६०३, इन्स्टॉल करताना गंभीर चूक झाली. घरी आलेल्या तंत्रज्ञाने तीनदा तोच प्रयोग केला, तिन्ही वेळा तोच निकाल आला आणि त्याने ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल, असे सांगून टाकले. घरगुती संगणकाच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्यावर आपल्याकडे हाच एक उपाय सांगितला जातो. त्यात बारा वर्षांचे फोटो, बँकेची कागदपत्रे आणि जपून ठेवलेल्या पाककृती पणाला लागतात, याची सांगणाऱ्याला फारशी फिकीर नसते. वास्तविक, सॉफ्टवेअर का बसले नाही याचे उत्तर त्या वेळी त्याच संगणकात लिहिलेले होते. फक्त ते कोणी उघडून वाचले नव्हते.

हे उत्तर कुठे असते हे समजण्यासाठी ‘इन्स्टॉल’ करताना नेमके काय घडते ते आधी पाहायला हवे. सॉफ्टवेअर टाकणे म्हणजे एक फाइल उचलून दुसरीकडे ठेवणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात शेकडो फाइली ठरलेल्या जागी पोचवाव्या लागतात, रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या नोंदवहीत त्यांच्या नोंदी कराव्या लागतात आणि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा सुरू कराव्या लागतात. पूर्वी प्रत्येक कंपनीचा इन्स्टॉलर हे काम आपापल्या पद्धतीने करत असे आणि मध्येच काही बिनसले, तर अर्धवट पसारा तसाच मागे राही. १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही व्यवस्था आणली आणि तिने बँकेच्या व्यवहाराचे तत्त्व येथे लागू केले. पैसे एका खात्यातून निघाले पण दुसऱ्यात पोचले नाहीत, तर तो व्यवहार झालाच नाही असे मानून मूळ स्थिती परत आणली जाते. त्याचप्रमाणे विंडोज इन्स्टॉलर आधी करायच्या कामांची संपूर्ण यादी तयार करतो, मग ती एकेक करत अमलात आणतो, आणि प्रत्येक पावलाला ते उलटे कसे फिरवायचे याचीही नोंद ठेवतो. बदलल्या जाणाऱ्या जुन्या फाइलींच्या प्रती तो ‘कॉन्फिग.एमएसआय’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये तात्पुरत्या जपून ठेवतो. एखादे पाऊल फसले की यादी शेवटून सुरुवातीकडे वाचली जाते आणि केलेले सगळे पुसले जाते. आत्याच्या संगणकावरील हिरवी पट्टी उलटी ओसरत होती ती यामुळेच.

या शिस्तीचा एक तोटा मात्र आहे. पडद्यावर शेवटी दिसणारा संदेश सगळे आवरून झाल्यानंतरचा असतो. १६०३ हा क्रमांक ‘कुठेतरी काहीतरी फसले आणि मी सर्व पूर्ववत केले’ एवढेच सांगतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावरील ‘अनुत्तीर्ण’ या शिक्क्यासारखाच तो आहे. विषय कोणता राहिला हे त्यावरून कळत नाही. म्हणून या क्रमांकावर इंटरनेटवर उपाय शोधले की पन्नास वेगवेगळे उपाय सापडतात, त्यांतला प्रत्येक कोणाला तरी लागू पडलेला असतो आणि आपल्याला बहुधा त्यांतला एकही लागू पडत नाही.

सर्वच क्रमांक असे मोघम नसतात. १६१८ म्हणजे दुसरे एखादे इन्स्टॉलेशन आधीच सुरू आहे. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच व्यवहार करतो, त्यामुळे पार्श्वभूमीवर दुसरे काही बसत असेल, तर थोडे थांबणे हाच उपाय. ३०१० हा क्रमांक तर अपयशाचा नाहीच : काम झाले आहे, फक्त संगणक रीस्टार्ट करायचा आहे, असा त्याचा अर्थ. येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. विंडोज ८ पासून बहुतेक संगणकांवर ‘शट डाउन’ केल्याने विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सारे नव्याने सुरू होते. वापरात असल्यामुळे बदलता न आलेल्या फाइली बदलण्याची अडकून पडलेली कामे तेव्हाच मार्गी लागतात. ‘मी रोज रात्री बंद करते की’ असे आत्या म्हणाली ते खरेच होते, पण तिच्या संगणकाने कित्येक दिवसांत रीस्टार्ट पाहिला नव्हता.

‘०एक्स८००७’ ने सुरू होणारे लांबलचक आकडे पाहून अनेकांचे हातपाय गळतात. ते खरे तर सर्वांत प्रामाणिक संदेश असतात. सुरुवातीचा ‘८००७’ एवढेच सांगतो, की पुढचा क्रमांक विंडोजच्या मूळ त्रुटियादीतला आहे. खरा निरोप शेवटच्या चार अंकांत असतो आणि ते अंक सोळाच्या पायावरच्या मोजणीत लिहिलेले असतात. ‘००७०’ म्हणजे सात गुणिले सोळा, अर्थात ११२, आणि विंडोजच्या यादीत ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही. ‘०००५’ म्हणजे पाच : परवानगी नाकारली. हे रूपांतर डोक्यात करण्याचीही गरज नाही. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये ‘प्रोग्रामर’ नावाची पद्धत असते, ती हे काम करून देते.

जागेचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत डिस्कचे ‘सी’ आणि ‘डी’ असे भाग केलेले असतात, सी भरत आला की नवे सॉफ्टवेअर डीवर टाकायचे असा शिरस्ता असतो, आणि डीवर भरपूर जागा मोकळी असूनही ‘जागा नाही’ असा संदेश आला की माणूस चक्रावतो. कारण असे, की सॉफ्टवेअरच्या फाइलींचे आवळून बांधलेले गाठोडे आधी सोडले जाते ते सीवरील तात्पुरत्या फोल्डरमध्ये; आणि पुढे कधी दुरुस्ती किंवा अनइन्स्टॉल करावे लागेल म्हणून इन्स्टॉलरची एक प्रत विंडोजच्याच फोल्डरात कायमची ठेवली जाते. घर डीवर बांधायचे असले तरी विटा आणि वाळू सीच्या अंगणात उतरवावी लागते.

आता पुन्हा आत्याच्या स्कॅनरकडे वळू. संगणकातील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’ या सोयीत, ‘ॲप्लिकेशन’ या विभागात, एमएसआय-इन्स्टॉलरच्या (म्हणजे विंडोज इन्स्टॉलरच्याच) नावाने केलेली ११७०८ क्रमांकाची नोंद सापडली, पण ती ‘इन्स्टॉल अयशस्वी’ यापलीकडे फारसे काही सांगत नव्हती. सविस्तर हकिकत हवी असेल, तर इन्स्टॉलरला ती लिहायला सांगावे लागते. ‘एमएसआयएक्सइसी’ या आज्ञेने तो सुरू करताना तिरकी रेघ, ‘एल’, ताराचिन्ह आणि ‘व्ही’ एवढी जोड दिली आणि फाइलीचे नाव सांगितले, की तो आपल्या प्रत्येक पावलाची नोंद तिच्यात करत जातो. ही नोंद हजारो ओळींची होऊ शकते आणि ती वरपासून खालपर्यंत कोणीही वाचत नाही, वाचूही नये. तिच्यात इंग्रजीत ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ हे शब्द शोधायचे. प्रत्येक कृती संपताना एक अंक परत करते : १ म्हणजे जमले, ३ म्हणजे फसले. एक लहान कृती फसली की तिला बोलावणारी मोठी कृतीही फसते, मग तिला बोलावणारी त्याहून मोठी. त्यामुळे ‘३’ अनेकदा दिसतो, पण खरा गुन्हेगार पहिल्या ‘३’ च्या थोड्या वरच्या ओळींत असतो. बहुतेक जण फाइल शेवटी उघडतात, तळाचा १६०३ पाहतात आणि आपल्याला नवे काहीच कळले नाही म्हणून ती मिटतात.

आत्याच्या संगणकावर अशी नोंद लिहवून घेतली, तेव्हा पहिल्या ‘३’ च्या वर जी ओळ होती तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक, त्रुटी क्रमांक १२३, म्हणजे फाइल किंवा फोल्डरचे नाव नियमात बसत नाही. दोन, ते नाव : सी ड्राइव्ह, यूजर्स, आणि त्यानंतर ओळीने आठ प्रश्नचिन्हे.

आठच का, हे लक्षात यायला मला जरा वेळ लागला. संगणक घेतला तेव्हा आत्याच्या मुलाने खात्याला मोठ्या हौसेने घराचे नाव दिले होते, तेही मराठीत : चिंतामणी. विंडोजने त्याच नावाचा फोल्डर तयार केला, आणि तात्पुरत्या फाइलींचा फोल्डरही त्याच्याच पोटात असतो. आपल्याला ‘चिंतामणी’त चार अक्षरे दिसतात. जगभरच्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या ‘युनिकोड’ या पद्धतीला मात्र च, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, त, काना, म, ण आणि दीर्घ वेलांटी अशी आठ चिन्हे दिसतात, कारण देवनागरीच्या विभागात मात्रा आणि अनुस्वार यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. आठ चिन्हे, आठ प्रश्नचिन्हे.

मराठी नावाचे प्रश्नचिन्ह का झाले, याची गोष्ट जुनी आहे. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळी मूल्ये मावतात. युनिकोड रुळण्यापूर्वी विंडोजमध्ये प्रत्येक प्रदेशासाठी चिन्हांचा एक तक्ता असे. पश्चिम युरोपसाठी १२५२ क्रमांकाचा तक्ता, ग्रीकसाठी वेगळा, रशियनसाठी वेगळा. विंडोज २००० मध्ये हिंदी, मराठी अशा भाषांचा आधार आला तेव्हा तो थेट युनिकोडमधून आला आणि त्यांच्यासाठी असा जुन्या वळणाचा तक्ता बनवलाच गेला नाही. हा निर्णय योग्यच होता असे मला वाटते. आणखी एक तक्ता म्हणजे आणखी एक गोंधळ झाला असता. मात्र त्याचा परिणाम असा, की जे प्रोग्राम आजही जुन्या पद्धतीने नावे विचारतात त्यांना विंडोज देवनागरी नाव त्या पद्धतीत सांगूच शकत नाही. जे चिन्ह तक्त्यात नाही त्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह ठेवते. आणि विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह फाइलीच्या नावात चालत नाही, कारण डॉसच्या काळापासून शोध घेताना ‘येथे कोणतेही एक अक्षर’ या अर्थाने ते राखून ठेवलेले आहे. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचा मुख्य भाग नवा होता, पण त्यातला एक छोटा मदतनीस प्रोग्राम जुन्या वळणाचा होता. त्याने तात्पुरता फोल्डर कुठे आहे असे विचारले, त्याला आठ प्रश्नचिन्हे मिळाली, ती घेऊन तो फाइल बनवायला गेला आणि १२३ म्हणून परत आला. मुख्य इन्स्टॉलरने शिस्तीप्रमाणे सारे आवरले आणि १६०३ लिहिले.

खात्याचे नाव सेटिंग्जमध्ये जाऊन रोमन लिपीत बदलले, तर काम होईल असे कोणालाही वाटेल. ते होत नाही. पडद्यावरचे नाव बदलते, फोल्डरचे नाव खाते उघडताना जे पडले तेच राहते. आम्ही सी ड्राइव्हवर ‘टेम्प’ नावाचा साधा फोल्डर रोमन अक्षरांत तयार केला आणि कोणती गोष्ट कुठे आहे हे प्रोग्रामना सांगणाऱ्या ‘एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स’ या यादीमध्ये ‘टेम्प’ व ‘टीएमपी’ या दोन्ही नोंदी त्याच्याकडे वळवल्या. दोन्ही बदलणे आवश्यक असते, कारण काही प्रोग्राम एक नोंद विचारतात, तर काही दुसरी. पुढच्या खेपेला हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली.

दोष स्कॅनर बनवणाऱ्यांचा आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. भारतात उपकरण विकताना भारतीय लिपीतल्या नावाच्या खात्यावर ते एकदा चालवून पाहणे ही फार मोठी अपेक्षा नव्हे. तरीही नवा संगणक घेताना पहिले खाते रोमन अक्षरांत, नावात शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता उघडावे आणि मराठीची हौस फाइलींच्या नावांत भागवावी, असे मी नाइलाजाने सुचवतो.

अशाच मूक कारणांपैकी आणखी एक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा, नाण्याएवढा, तीन व्होल्टचा सेल असतो आणि वीज नसताना तो तारीख-वेळ जपतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये तो संपला, की प्लग काढल्यावर संगणक काही वर्षे मागे जातो. इंटरनेटवरून उरलेला भाग उतरवून घेणारा इन्स्टॉलर समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र, म्हणजे त्याच्या खरेपणाचा ठरावीक मुदतीचा डिजिटल दाखला, तपासतो, आणि संगणकाच्या मते ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. संदेश मात्र ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ असा येतो आणि बिचाऱ्या ब्रॉडबँडवाल्याला फोन जातो.

जुने सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल न करता त्याचा फोल्डर नुसता डिलीट करणे हेही पुष्कळदा अंगाशी येते. फाइली गेल्या तरी रजिस्ट्रीतली नोंद राहते. नवी आवृत्ती आधी जुनी काढायला जाते आणि नसलेली गोष्ट काढता येत नाही म्हणून अडून बसते. जागा मोकळी करण्यासाठी विंडोजच्या फोल्डरातील ‘इन्स्टॉलर’ हा लपवलेला फोल्डर साफ करणाऱ्यांवरही हाच प्रसंग ओढवतो. अशा अनाथ नोंदी काढून टाकण्यासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःच एक मोफत साधन उपलब्ध करून दिले आहे. रजिस्ट्रीत स्वतः हात घालण्यापेक्षा ते वापरणे केव्हाही शहाणपणाचे.

येथवर सांगितलेल्या सर्व बिघाडांत एक साम्य आहे : ते प्रत्येक वेळी त्याच जागी होतात. आत्याच्या संगणकावरची पट्टी तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थबकली होती, आणि तंत्रज्ञाला जे निराशाजनक वाटले ते खरे तर चांगले चिन्ह होते. सॉफ्टवेअरमधला दोष ठरावीक पावलावरच ठेच लागल्यासारखा दिसतो. याउलट तोच इन्स्टॉलर एकदा वीस टक्क्यांवर, एकदा सत्तर टक्क्यांवर आणि एकदा अगदी शेवटी कोलमडला, प्रत्येक वेळी वेगळ्याच फाइलीचे नाव सांगू लागला, तर संशय यंत्राच्या शरीरावर घ्यावा. सदोष मेमरीत एखादा बिट आपोआप पालटतो, किंवा डिस्कवरचा एखादा भाग वाचता येईनासा होतो. ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ ही चाचणी विंडोजमध्येच असते, आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टिम’ विभागात ‘डिस्क’ या नावाने ‘बॅड ब्लॉक’च्या नोंदी दिसू लागल्या, तर त्याच दिवशी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. अशा यंत्रावर फॉरमॅट मारला, तर बहुधा विंडोज टाकतानाच पट्टी पुन्हा कुठेतरी मध्येच थांबते.