एक्स्पान्शन की स्टँडअलोन? आधी डबा उलटा करा

गेल्या चतुर्थीला फोंड्याच्या घरी आरती आटोपून आम्ही भावंडं खेळायला बसलो. मावसभाऊ ऐटीत ‘ग्लूमहेवन’ या बोर्ड गेमचं नाव लिहिलेला डबा घेऊन आला. “दादा, मोठा परवडत नव्हता, छोटा आणला.” फोडला, तर आत मोहिमांचं पुस्तक, आणि पहिल्याच मोहिमेचा आकडा ९६! १ ते ९५ मोहिमा मूळ डब्यात, आणि तो डबा आमच्यापैकी कुणाकडेच नाही.

त्याने घेतला होता ‘फरगॉटन सर्कल्स’ (२०१९), हवा होता ‘जॉज ऑफ द लायन’ (२०२०). दोघांवर मूळ खेळाचं नाव ठसठशीत, आणि दुकानदार दोघांनाही ‘एक्स्पान्शन’, म्हणजे मूळ खेळाला जोडायची पुरवणी, म्हणतो. माझं डोकं फिरतं ते इथेच.

‘फरगॉटन सर्कल्स’ हा खरा एक्स्पान्शन. त्यात २० मोहिमा आणि नवं पात्र एकच. नकाशाच्या फरशा वगैरे मूळ डब्यातल्याच लागतात, आणि कथाही मूळ डब्यातली कथा संपल्यानंतरची. ‘जॉज’ स्टँडअलोन आहे, म्हणजे मूळ डब्याशिवायच पूर्ण. त्यात चार पात्रं, २५ मोहिमा, आणि पहिल्या पाच तर खेळ शिकवायलाच ठेवलेल्या. नकाशा पुस्तकाच्या पानावरच छापलेला, त्यामुळे फरशा जुळवत बसावं लागत नाही. पुस्तक उघडायचं, भाजीपावाच्या बशा बाजूला सारायच्या, सुरू. ही चार पात्रं पुढे मोठ्या डब्यातही चालतात, म्हणून लोक त्याला एक्स्पान्शन समजतात. पण जोडता येणं वेगळं आणि जोडल्याशिवाय न चालणं वेगळं.

नावावरून हे कळत नाही. कधी कधी तर आवृत्तीनुसारही बदलतं: ‘डोमिनियन’ या पत्त्यांच्या खेळाचा ‘इंट्रिग’ हा डबा २००९ साली मूळ डब्याशिवाय खेळता यायचा, २०१६च्या दुसऱ्या आवृत्तीतून मूलभूत पत्ते काढले आणि तो परावलंबी झाला. जुना रिव्ह्यू वाचून नवा डबा घेणारे इथे हमखास फसतात. तेव्हा डबा उलटा करा, मूळ खेळ लागेल असं बारीक अक्षरात लिहिलंय का बघा.

घ्यावा की नाही? एक्स्पान्शन असेल तर मूळ खेळ किती वेळा टेबलावर आला ते मोजा. माझा आकडा दहा. ‘ग्लूमहेवन’च्या ९५पैकी पाचच मोहिमा झालेल्या माणसाने ९६वी विकत घेऊ नये. ‘स्मॉल वर्ल्ड’ या बोर्ड गेममध्ये एका जमातीला एक शक्ती जोडून खेळतात; १४ जमाती आणि २० शक्ती, म्हणजे २८० जोड्या. त्या खेळून कंटाळलात तर त्याचा ‘कर्स्ड’ हा एक्स्पान्शन घ्या: दोन जमाती, पाच शक्ती, गठ्ठ्यात मिसळल्या की झालं. त्याच मालिकेतला ‘अंडरग्राउंड’ (२०११) मात्र स्टँडअलोन. घरी मूळ खेळ असताना तो घेतला तर तेच नियम आणि तसाच डबा यांचे पैसे पुन्हा मोजता. मी घेणार नाही.

प्लास्टिकच्या जादा मूर्ती हौसेचा मामला. त्यापेक्षा पत्त्यांना स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पाकिटं, घाला, आपल्याकडच्या पावसात पत्ते पापडासारखे वळतात.

मावसभावाचा डबा माझ्या कपाटात आहे, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसकट. आम्ही सध्या ‘जॉज’च्या अकराव्या मोहिमेवर आहोत.